फणसाच्या कुयऱ्या काळ्या पडताहेत? आधी झाडाखालचे उचला

सकाळी धुके आणि दुपारी मळभ असले की कोकणातल्या फणसावर कूज येतेच. सध्या कुडाळ-सावंतवाडीकडून येणारी प्रत्येक तक्रार तीच आहे: कुयऱ्या काळ्या पडून गळतात. पाणी, शेणखत हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर शब्द घालवत नाही.

आधी बघा की गळते ते काय. बारीक फांद्यांच्या टोकांना येणारा फुलोरा नर असतो. पराग सांडले की तो काळा पडून गळणारच, त्याला औषध नको. खोडावर किंवा जाड फांदीवर जाड देठाने धरलेली कुयरी मात्र फळ असते. तिच्यावर आधी राखाडी कापसासारखी बुरशी दिसते, मग काळी भुकटी धरते आणि कुयरी मऊ पडते. ही रायझोपस बुरशी. हिचे बीजाणू वाऱ्याने पसरतात आणि गळलेल्या नर फुलोऱ्यावरही ती पोसली जाते.

म्हणून पहिले काम फवारणीचे नाही, सफाईचे. कुजलेल्या कुयऱ्या आणि खाली पडलेला फुलोरा गोणीत भरा आणि बागेबाहेर खोल पुरा. एका बागायतदाराने हाच कचरा ‘खत होईल’ म्हणून बुंध्याशी रचला होता. ढिगाच्या बाजूच्या खालच्या कुयऱ्या सगळ्या गेल्या, पलीकडच्या बऱ्याच वाचल्या. तरी त्याचा प्रश्न एकच, कुठले औषध मारू? खोडावर माजलेले बारीक फुटवे काढा, हवा खेळू द्या. दोन कुयऱ्या एकमेकींना घासत असतील तर एक भाजीसाठी काढा.

त्यानंतर एक टक्का बोर्डो: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात विरघळवू नका, प्लास्टिकचे पिंप घ्या. तयार मिश्रणात घासून लखलखीत केलेली कोयती मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. एवढा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात. नुसते शेंडे भिजवून उपयोग नाही, फळे खोडावर आहेत. मळभ टिकले तर पंधरा ते वीस दिवसांनी पुन्हा फवारा.

खोडात खिळे ठोकणे, बुंध्याशी मीठ ओतणे हे प्रकार थांबवा. खिळ्याने बुरशी मरत नाही, जखम मात्र होते आणि तिथून भिरूड आत शिरायला वाट मिळते. दुकानदाराने ‘सगळ्यावर चालते’ म्हणून दिलेले कीटकनाशकही परत करा. कीड आणि बुरशी यांतला फरक त्याला कळत नसेल, तुम्हाला कळायला हवा.

भाजीच्या कुयऱ्या विकायच्या असतील तर त्या फवारणीआधीच उतरवा. फवारल्यानंतर डब्यावर लिहिलेला काळ उलटल्याशिवाय एकही बाजारात जाता कामा नये.