अंतर, वेळ आणि इन्सुलिनची मात्रा

मुले-नातवंडे परदेशी असलेले वृद्ध रुग्ण आता आपल्या प्रत्येकाच्याच दवाखान्यात येतात. प्रवासापूर्वी ते ‘फिट’ असल्याचा दाखला मागतात आणि आपण तो देतो. मीही अनेक वर्षे तेवढेच करीत आलो.

आमच्या इंदूरच्या एक निवृत्त शिक्षिका नोव्हेंबरमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाल्या. रोज रात्री दहाला ग्लार्जिन इन्सुलिन, ही त्यांची सवय. दिल्ली विमानतळावर त्यांनी रात्री दहाला ते टोचून घेतले. विमान पहाटे चारचे, पोहोचण्याची वेळ सकाळी सहा, तारीख तीच. त्या दिवशी रात्री दहाला, तिथल्या घड्याळाप्रमाणे, त्यांनी पुढची मात्रा घेतली. तारखांच्या हिशेबाने एकही डोस चुकला नव्हता. तरी त्या संध्याकाळी साखर चारशेच्या वर गेली होती.

हिशेब मांडून पाहू. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते (उन्हाळ्यात साडेबारा). तिकिटावर दिसणारे दोन तास म्हणजे प्रत्यक्षात साडेपंधरा तासांचा प्रवास. तिथले रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा. दोन मात्रांत चोवीसऐवजी साडेसदतीस तासांचे अंतर पडले! चूक बाईंची नव्हती. चिठ्ठीवर ‘रोज रात्री’ एवढेच लिहिणाऱ्या माझी होती.

नकाशावरील अंतरावरूनही वेळ कळत नाही. या दोन विमानतळांतील सर्वांत जवळचे अंतर, उत्तर ध्रुवाच्या बाजूने, सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा अटलांटिकवरून सुरू केली, तेव्हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पॅसिफिकवरून नेले. मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटर झाला आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटला, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरील वारे पाठीशी आले. परतीच्या प्रवासात पश्चिमेकडे जाताना तेच वारे समोरून येतात. म्हणून जाण्याचे व येण्याचे तास वेगवेगळे विचारून घ्यावेत.

आता मी रुग्णाकडून तिकीट मागून घेतो आणि चिठ्ठीवर भारतीय व स्थानिक, दोन्ही वेळा लिहितो. वरील उदाहरणात पुढची मात्रा तिथे सकाळी साडेआठला द्यावयास हवी होती. मुक्काम लांबणार असेल तर तीच वेळ कायम ठेवणे मला सर्वांत सोयीचे वाटते. एक घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्यावे. इन्सुलिन हातातील पिशवीत ठेवावे, कारण सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका चार तासांहून अधिक प्रवासात सुमारे दुप्पट होतो, म्हणून अधूनमधून उठून चालण्यासही सांगावे.

बाई परत आल्या तेव्हा येण्याचा हिशेब त्यांनी स्वतःच वहीत मांडून आणला होता. मी तो तपासला, बरोबर होता.