सत्तीची जोडी, राजा-गुलाम आणि तुमची जागा

प्रश्न : आम्ही मित्र पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर टेक्सस होल्डेम पोकर खेळतो. एक्क्यांची जोडी आली की काय करायचं ते कळतं. पण सत्तीची जोडी, राजा-गुलाम अशी ‘बरी’ पानं आली की घोळ होतो. तीच पानं कधी तारतात, कधी बुडवतात. फ्लॉपच्या आधी त्यांच्यावर रेझ कधी करावं?

उत्तर : तीच पानं दोन तऱ्हांनी वागतात, असं तुम्हाला वाटतं. पण त्या दोन वेळी तुम्ही बहुधा वेगवेगळ्या जागी बसलेले असता. मधल्या पानांची किंमत तुमच्यानंतर किती जण बोलायचे आहेत, यावर ठरते.

नऊ जणांचं टेबल धरू. दहापासून वरची कुठलीही जोडी किंवा एक्का-राजा ही जबर पानं एका खेळाडूला साधारण ३.५ टक्के वेळा येतात. सर्वांत आधी बोलायची पाळी तुमची असेल तर मागे आठ जण उरतात, आणि त्यांच्यापैकी कुणाकडे तरी असं काही असण्याची शक्यता २५ टक्क्यांच्या घरात जाते. तुम्ही बटनवर असाल आणि पुढच्या सगळ्यांनी पानं टाकली असतील, तर मागे फक्त दोन ब्लाइंड उरतात. शक्यता ७ टक्क्यांवर येते. म्हणून पहिल्या जागेवरून राजा-गुलाम खुशाल टाकून द्यावेत आणि बटनवरून त्यांच्यावरच रेझ करावं.

‘रेझ कशाला, नुसतं कॉल करून फ्लॉप स्वस्तात पाहू’ हा मोह फार जणांना होतो. पण कॉल केलंत की जिंकायला चांगली पानंच लागतात. रेझ केलंत तर समोरच्यांनी पानं टाकूनही पॉट तुमचा होतो. ब्लाइंड ५० आणि १०० आहेत, तुम्ही बटनवरून २५० केलेत. आठातल्या पाच वेळा दोघांनीही पानं टाकली, तर पाच वेळा १५० म्हणजे ७५० मिळाले. उरलेल्या तीन वेळा तुमचे २५० पूर्ण बुडाले, तरी गेले ७५०च. हिशेब बरोबरीत सुटला. प्रत्यक्षात त्या तिनांतलेही काही डाव तुम्ही जिंकताच, कारण जोडी नसलेल्या हाताला फ्लॉपवर तीनातल्या दोन वेळा काहीच लागत नाही, आणि समोरच्यालाही हाच नियम लागू असतो.

तीन पत्तीची सवय असलेल्यांची इथे गल्लत होते. तिथे हातातली तीन पानं शेवटपर्यंत तीच राहतात. इथे टेबलावर पाच पानं उघडायची असतात, आणि फ्लॉपपासून पुढे बटनवाला दरवेळी सर्वांत शेवटी, म्हणजे इतरांचं पाहून बोलतो. सत्तीची जोडी घेऊन बसलात तर फ्लॉपवर सत्तीहून मोठं निदान एक पान ९२ टक्के वेळा येतं. तिसरी सत्ती मात्र साडेआठ वेळांतून एकदाच. समोर एकच जण असेल तर नुसती जोडीही पुरते, चौघे असतील तर क्वचितच. एकाच रंगाच्या पानांचंही फार कौतुक करू नका. फ्लॉपवरच पूर्ण फ्लश लागणं सुमारे ११९ वेळांतून एकदा घडतं.

आता तुमच्याआधीच कुणी रेझ केलं असेल तर? अमेरिकन पोकर-लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी इथला फरक नेमका पकडला आहे: स्वतः रेझ करायला जी पानं पुरतात, दुसऱ्याच्या रेझवर कॉल करायला त्याहून सरस पानं लागतात. समोरच्याने ताकद जाहीर केली आहे. त्याच्याकडे एक्का-राजा, राजा-राणी किंवा एक्का-गुलाम असण्याचा संभव वाढला. अशा वेळी तुम्हाला राजा लागला तर तो बहुधा त्यालाही लागलेला असतो, आणि वर त्याचं दुसरं पान मोठं. एक्का-राजासमोर राजा-गुलाम चारातून जेमतेम एकदा जिंकतो. तेव्हा राजा-गुलाम टाकावेत. सत्तीच्या जोडीवर कॉल करता येईल, पण दोघांपुढेही चिप्सचा मोठा ढीग असेल तरच. तिसरी सत्ती लागेल त्या एका वेळी आधीच्या सगळ्या फुकट गेलेल्या कॉलची भरपाई त्याच ढिगातून व्हायची असते.