सांस्कृतिक क्षेत्रातील उमेदवारी

इतिहास, मराठी किंवा समाजशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्याला कला व संस्कृतीच्या क्षेत्रात पाऊल टाकावयाचे असेल, तर त्याच्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती अनुभवाची. संग्रहालयांना व ग्रंथालयांना काम जाणणारा माणूस हवा असतो; आणि काम तर केल्यावाचून येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून राज्यातील विद्यापीठांनी जे अभ्यासक्रम आखले, त्यांत कार्यप्रशिक्षणासाठी चार श्रेयांक राखून ठेवण्यात आले आहेत. एका श्रेयांकास तीस तास या हिशेबाने हे १२० तासांचे काम होते. हे तास कोठे खर्ची पडतात, हा खरा प्रश्न आहे. एखाद्या कार्यालयात चार दिवस हजेरी लावून सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळविणे अवघड नाही. पण त्यात विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही.

कला म्हटली की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम रंगमंच येतो. ते स्वाभाविकही आहे. शासनाची राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासूनची, तर पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासूनची. अशा स्पर्धांच्या निमित्ताने नेपथ्य उभारणे, प्रकाशयोजना सांभाळणे, ठरल्या वेळेत रंगमंच मोकळा करून देणे ही कामे महाविद्यालयीन मुलेमुली आपसूक शिकतात. हे दार त्यांना ठाऊक आहे. तेव्हा त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. इतर दारे मात्र जवळ असूनही बंद भासतात.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमविलेला हा संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्यातील सुमारे वीस हजार वस्तूंपैकी दालनांत मांडलेल्या वस्तू थोड्या. बाकीच्या भांडारात आहेत. बहुतेक संग्रहालयांची स्थिती अशीच असते. प्रेक्षकाला दिसते ते दालन. संग्रहालयाचे निम्म्याहून अधिक काम चालते ते भांडारात आणि दाखल नोंदवहीत. उमेदवारीची जागा तीच. वस्तू उचलण्यापूर्वी ती ठेवावयाची जागा मोकळी करून घ्यावी, भांडे कडीला किंवा काठाला धरून न उचलता तळाला हाताचा आधार द्यावा, जुन्या कागदाजवळ शाईचे पेन न नेता शिसपेन्सिल वापरावी, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, असे साधे नियम तेथे हात धरून शिकवावे लागतात. पुस्तकात ते वाचून कोणी संग्रहपाल झाल्याचे ऐकिवात नाही.

यापुढची पायरी नोंद लिहिण्याची. हे काम वरवर कारकुनी वाटते, पण विद्यार्थ्याचा कस लागतो तो येथेच. समजा, एका वाड्यातून लहानमोठी सहा धान्यमापे आली आहेत. ‘धातूची जुनी भांडी, नग सहा’ अशी नोंद केली, तर ती नियमात बसते आणि निरुपयोगी ठरते. तीच मापे घेऊन विद्यार्थी गावातल्या वयस्क शेतकऱ्याकडे गेला, की त्याला निठवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली ही चढती माळ कळते. हाती आलेल्यांत कोणते माप कमी आहे, हेही उमगते. वजनमापांचा १९५६ चा कायदा झाला आणि पुढे दशमान पद्धत रुळली. जुन्या मापांनी धान्य मोजलेली पिढी आता थकली आहे. वस्तू तिजोरीत सुरक्षित राहील. तिचे नाव, तिचा वापर आणि ती कोणाच्या घरची हे सांगणारा माणूस राहणार नाही. म्हणून हे १२० तास आज महत्त्वाचे आहेत.

कागदपत्रांच्या बाबतीतही हेच घडत आले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली. आजही कित्येक घरांत मोडी कागदांची रुमाले माळ्यावर पडून आहेत. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडून मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग भरविले जातात. असा वर्ग केलेला विद्यार्थी लगेच अस्खलित वाचू लागेल, ही अपेक्षा नको; परंतु कागद हिशेबाचा आहे की महजर आहे, त्यावर शिक्का आणि तारीख आहे का, एवढे ओळखून यादी करणे त्याला जमू शकते. पुढील संशोधकाला तेवढी यादीही मोलाची असते. कागद मालकाच्या घरीच राहावेत, ते हलवू नयेत, एवढे पथ्य पाळले म्हणजे घरमालकाचा विश्वास बसतो.

ज्या तालुक्यात संग्रहालय नाही, तेथे काय करावे, असा प्रश्न प्राध्यापक विचारतील. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मुळे राज्यात दहा हजारांहून अधिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. त्यांतील एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात स्थानिक नियतकालिकांचे अंक, उत्सवांच्या पत्रिका, नाटकांची हस्तपत्रके सापडतात. गावाच्या देवळापुढे वीरगळ असतात. कधी त्यांवर तैलरंगाचे थर चढलेले दिसतात. विद्यार्थ्याने ते घासू नयेत, हलवू नयेत. मोजमाप, छायाचित्र आणि नेमकी जागा टिपावी. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण तर सर्वांपुढे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे व गावाचे नावही नोंदले गेले. गाणाऱ्याची अनुमती घेणे आणि त्याचे नाव न वगळणे, हा या कामातील सचोटीचा भाग आहे.

येथे ग्रामपंचायतीचा संबंध येतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील एकोणतीस विषयांत ग्रंथालये आणि सांस्कृतिक कार्य हे दोन्ही विषय आहेत. रस्ते आणि पाणी यांच्या मागण्यांपुढे हे विषय मागे पडतात, हे समजण्याजोगे आहे. पण या कामाला फार मोठा निधी लागत नाही. बसावयास एक खोली, कुलूप असलेले कपाट, आणि कोणत्या घरी कोणाला विचारावे हे सांगणारा एक सदस्य, एवढी सोय पुरते. राहण्याचा व प्रवासाचा खर्च मात्र विद्यार्थ्यावर टाकू नये. तसे झाले, तर हा अनुभव सुखवस्तू घरांतील मुलांपुरताच उरेल.

महाविद्यालयाने आरंभीच संस्थेशी एका पानाचा करार करावा. कोणते काम, देखरेख कोणाची आणि शेवटी काय तयार व्हावयाचे, एवढे त्यात असले तरी पुरे. ‘संस्थेच्या कामात साहाय्य’ असे मोघम शब्द तेथे नसावेत. दोनशे पत्रिकांची यादी किंवा पन्नास वस्तूंच्या नोंदी असे मोजता येणारे काम ठरवावे. मूल्यमापनही त्याच नोंदींवरून व्हावे. तयार झालेल्या नोंदवहीची एक प्रत ग्रंथालयात, एक ग्रामपंचायतीत आणि एक महाविद्यालयात ठेवावी. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्याने तिच्या शेवटच्या क्रमांकापासून पुढे लिहावे.