ग्रामीण वृद्धांमधील स्मृतिभ्रंश : चाळणी तपासणी आणि तिचे प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती आणि त्यांतील जवळजवळ ७१ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. या वयोगटातील साक्षरता ४४ टक्क्यांच्या आसपास, तर स्त्रियांमधील केवळ २८ टक्के होती. स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजेच डिमेन्शियाच्या प्रश्नाचा विचार करताना ही शेवटची आकडेवारी विशेष महत्त्वाची ठरते. 'लासी-डॅड' या राष्ट्रीय अभ्यासाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा. हे प्रमाण शहरांत ५.३ टक्के, तर खेड्यांत ८.४ टक्के आढळले. तज्ज्ञ डॉक्टर मात्र प्रामुख्याने शहरांतच आहेत. त्यामुळे गावपातळीवर, साध्या प्रश्नांच्या आधारे संभाव्य रुग्ण वेगळे काढणे, म्हणजेच चाळणी तपासणी, हा व्यवहार्य मार्ग उरतो.

चाळणी म्हणजे निदान नव्हे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या परिसरात १,००० वृद्ध असून त्यांतील ७० जणांना स्मृतिभ्रंश आहे. चाचणीची संवेदनशीलता ८० टक्के असेल, तर त्या ७० पैकी ५६ जण सापडतील. विशिष्टताही ८० टक्के असेल, तर उरलेल्या ९३० निरोगी व्यक्तींपैकी १८६ जणांवर चुकीचा शिक्का बसेल. म्हणजे संशयित २४२ आणि त्यांतील खरे रुग्ण ५६. चारांत एकही पुरता नाही. परीक्षार्थींनी हे गणित स्वतः एकदा करून पाहावे. कोणत्याही चाळणी कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना ते उपयोगी पडते.

आता हा चुकीचा शिक्का कोणावर बसतो, हे पाहणे आवश्यक आहे. १९७५ मध्ये फोल्स्टाइन यांनी तयार केलेली ३० गुणांची 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' ही चाचणी जगभर वापरली जाते. तीत लिहिलेली सूचना वाचून तिचे पालन करणे, एक वाक्य लिहिणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, आपण इमारतीच्या कोणत्या मजल्यावर आहोत ते सांगणे असे प्रश्न आहेत. कधीही शाळेत न गेलेली, पण घर, गुरे आणि देण्याघेण्याचा हिशेब चोख सांभाळणारी वृद्धा या चाचणीत सहज अनुत्तीर्ण होईल. अशा वेळी चाचणी स्मरणशक्ती न मोजता शालेय शिक्षण मोजते.

हरियाणातील बल्लभगढ परिसरात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात या दोषावर उपाय शोधण्यात आला. मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुतांशी निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी चाचणी विकसित केली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. 'डोळे मिटा' हे वाक्य वाचायला देण्याऐवजी 'माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा' असे सांगून तपासनीस स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायचे असते. हा केवळ अनुवाद नाही. प्रश्नाचा हेतू कायम ठेवून त्याचे रूप बदलण्यात आले आहे.

निकट सहवासातील साक्षीदार

चाचणी कितीही सुधारली, तरी ती एका भेटीतील कामगिरी दाखवते. स्मृतिभ्रंशात पूर्वीच्या क्षमतेचा ऱ्हास पाहायचा असतो आणि तो घरच्या माणसांनाच ठाऊक असतो. म्हणून याच अभ्यासगटाने दैनंदिन क्षमतांची स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. नुकतेच जेवण झाल्याचे विसरतात का, गावातच वाट चुकतात का, अशा स्वरूपाचे प्रश्न तीत कुटुंबीयांना विचारले जातात.

परंतु येथेही एक अडचण आहे. एकत्र कुटुंबात वृद्धांकडील कामे हळूहळू सुना-मुलांकडे जातात. ज्याच्याकडे कामच उरले नाही, त्याला ते जमेनासे झाल्याचे कोणाच्या लक्षात येणार? शिवाय विसरणे, भरकटणे यांना 'म्हातारचळ' म्हणून टाकले, की विषय संपतो. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ग्रामीण भागासह अनेक देशांत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या '१०/६६' गटाच्या अभ्यासात याचा प्रत्यय आला. प्रचलित अमेरिकी निकषांनुसार ग्रामीण भारतातील पासष्टीपुढील व्यक्तींमध्ये हे प्रमाण अवघे ०.३ टक्के निघाले. कमी शिक्षित समाजांसाठी पारखून घेतलेल्या पद्धतीने मात्र ते अनेक पटींनी अधिक भरले. माणसे तीच, गावेही तीच; फरक केवळ मोजपट्टीचा. अशा आकड्यांवरून आरोग्यसेवेचा निधी ठरत असल्याने हा वाद निव्वळ शास्त्रीय राहत नाही.

केरळमध्ये याच गटाने आणखी एक मार्ग तपासला आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध केले. अंगणवाडी सेविकांना काही तासांचे प्रशिक्षण देऊन आपल्या परिसरातील संशयित रुग्णांची नावे सांगण्यास सांगण्यात आले. त्यांनी सुचवलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचे तज्ज्ञांच्या तपासणीत निश्चित झाले. वरील काल्पनिक उदाहरणातील २३ टक्क्यांशी हे प्रमाण ताडून पाहावे. अर्थात, त्यांच्या नजरेतून सुटलेले किती, हे अशा पद्धतीने कळत नाही.

चाळणीनंतर काय?

सध्या आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जो समुदाय-आधारित मूल्यांकन तक्ता भरतात, त्यात वृद्धांसाठी स्वतंत्र प्रश्न आहेत. जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का, हा त्यांतील एक. खाणे, कपडे घालणे यांसाठी मदत लागते का, हा दुसरा. होकारार्थी उत्तर आल्यास जवळच्या आरोग्य संस्थेत पाठवणे अपेक्षित असते. तरीही पहिला प्रश्न रोग बराच पुढे गेल्यावरच 'होय' मिळवणारा आहे आणि तो रुग्णालाच विचारला, तर उत्तरावर विसंबणे कठीण. आपण विसरतो हेच अनेकदा रुग्ण विसरलेला असतो. घरातील दुसऱ्या व्यक्तीला तोच प्रश्न विचारण्यास वेगळा खर्च येत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचल्यावर प्रथम पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. ऐकू न येणे आणि मोतीबिंदू यांमुळे चाचणीचे गुण घटतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड ग्रंथीची मंदावलेली क्रिया व नैराश्य यांची लक्षणे स्मृतिभ्रंशासारखी भासतात आणि त्यांवर उपचार होतात. अल्झायमरसारख्या आजारात पूर्ण बरे करणारे औषध नाही. तरी रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, घरातील धोके दूर करणे आणि रुग्ण मुद्दाम त्रास देत नाही, हे सांभाळणाऱ्या सुनेला किंवा पत्नीला समजावून सांगणे शक्य असते. हे काम उपकेंद्राच्या पातळीवर कोणी करायचे, हे ठरलेले नसेल, तर संशयितांची यादी नोंदवहीतच राहते आणि गावात मात्र त्या वृद्धाला 'वेडा' हे नाव मिळालेले असते.