वजन आणि वीर्याची प्रत

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की आमच्याकडे आधी सुनेला दवाखान्यात आणतात. नवस, उपास, सोनोग्राफी सारे तिच्याच वाट्याला. मुलगा ‘चांगला अंगापिंडाने भरलेला’, मग त्याला काय धाड भरली आहे? वस्तुतः मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. म्हणून मी दोघांनाही बरोबरच बोलावतो.

भरलेले अंग म्हणजे निरोगी अंग नव्हे. चरबीमध्ये टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात होते. त्यामुळे मेंदूकडून वृषणांना मिळणारा हुकूम मंदावतो व शुक्रजंतू कमी तयार होतात. शिवाय वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी उष्णता लागते. मांड्या व ओटीपोटाची चरबी ती वाढवते. अर्थात प्रत्येक लठ्ठ पुरुष वंध्य नसतो, आणि फार कृश प्रकृतीही हितावह नाही.

आपल्याकडे पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हावे. तालमीत मेहनत करणाऱ्याचे वजन स्नायूंचे असते, त्याची काळजी नाही. मात्र अंग झटपट भरण्यासाठी घेतलेली स्टिरॉइडची इंजेक्शने शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ बंद पाडू शकतात. ती कोणी दिली तरी घेऊ नयेत.

वीर्यतपासणी सोपी आहे. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध टाळावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये किमान १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि त्यांपैकी ४२ टक्के हालचाल करणारे असावेत. आकडा कमी आला म्हणून खचू नये. तपासणी पुन्हा करून घ्यावी.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासात लठ्ठ पुरुषांनी आठ आठवड्यांत सरासरी सुमारे साडेसोळा किलो वजन उतरवले व त्यांचे शुक्रजंतू वाढले. पण ज्यांनी वजन पुन्हा चढू दिले नाही, त्यांच्यातच सुधारणा टिकली. एवढा कडक आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. आपण रोज रंकाळ्यावर पाऊण तास भरभर चालावे, रश्शावरचा कट आणि रात्रीचा दुसरा भात सोडावा, तंबाखू व दारू बंद करावी. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिने तरी धीर धरावा.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, पत्नी पस्तिशीपुढची असल्यास सहा महिन्यांत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. सुनेला बोल लावण्याआधी मुलाची तपासणी करावी.