गाठ काढली, आता ‘कॅन्सरची लस’ घ्यायची का?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. सुनेचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं. ‘कॅन्सर परत येऊ न देणारी लस’ मोबाईलवर बघितली, तिच्यासाठी पैसे हवेत. गटानं अर्ज थांबवून आधी विचारलं, हे बरं केलं.

शेतातली हरळी आठवा. कितीही खणा, बारीक मुळी राहिली की पुन्हा फुटते. ऑपरेशननंतर न दिसणाऱ्या पेशी अशाच मागं राहू शकतात. पांढऱ्या पेशी शरीराच्या राखणदार खऱ्या, पण कॅन्सरची पेशी आपल्याच घरातली, बिघडलेली. ती त्यांना सहज ओळखू येत नाही.

नव्या लशीसाठी काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासतात. निरोगी पेशीत नसलेल्या, फक्त गाठीतल्या खुणा शोधतात. एका लशीत अशा 34 पर्यंत. त्या खुणांचा निरोप, म्हणजे एमआरएनए, चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळून टोचतात. हेच नॅनोकण. उघडा निरोप शरीरात टिकत नाही, म्हणून हे वेष्टण. कोविडच्या एमआरएनए लशी याच जातीच्या, पण त्या सगळ्यांना एकच. ही मात्र ब्लाउजसारखी, एकीच्या मापाची दुसरीला बसत नाही. मग तयार बाटली विकणारा फसवतोय, हे तिथंच कळतं की!

मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर 157 जणांवर चाचणी झाली. नेहमीच्या औषधासोबत लस घेतलेल्यांत आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे 44 टक्क्यांनी कमी दिसला. आशा आहे, पण माणसं थोडी, आणि आजार स्तनाचा नव्हे. ही लस अजून चाचणीतच आहे. (मुलींना देतात ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस वेगळी, ती खरी आहे, आजार होण्याआधी घ्यायची.)

मला आपल्याकडचं संशोधन जास्त जवळचं वाटतं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या 11 केंद्रांवर स्तनाच्या कॅन्सरच्या 1,600 स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीभोवती बधिर करण्याचं साधं औषध टोचलं. पाच वर्षं आजाराविना राहिलेल्यांचं प्रमाण 82.6 वरून 86.6 टक्के झालं. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कुणाचं ऑपरेशन व्हायचं असेल, तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

त्या सुनेला रोजची गोळी चालू होती. काही जणींना ती 5 ते 10 वर्षं घ्यावी लागते. बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. उपचारांचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

गटानं लशीचं कर्ज नाकारलं. तपासणीला जायच्या गाडीभाड्यासाठी मात्र त्याच बैठकीत मंजूर केलं.