आत्याचे कानमंत्र: वीस प्रश्न गावात नेण्याआधी

मने, आघातानंतरच्या ताणाची ती वीस प्रश्नांची पीसीएल-५ तू मराठीत आणलीस, प्रश्नांचा आपसांतला मेळ मोजणारा अल्फा ०.९ च्या वर आला आणि पेढे सांगायला निघालीस म्हणे. जरा बस. या कामातली एकही चूक मी तुझ्यासाठी शिल्लक ठेवलेली नाही.

१. तुझ्या मराठीचं उलट इंग्रजी करणाऱ्यानं मूळ प्रश्नावली पाहिलेली नसावी — नाहीतर तो आठवणीतलं इंग्रजी उतरवतो आणि तुझी चूक झाकली जाते.

२. ते जुळलं तरी आठ-दहा जणांना विचार, "यातून काय कळलं?" — घटना आठवल्यावर शरीराचं काय होतं, त्याला मी 'अंगावर काटा येतो' लिहिलं होतं, तर एक आजी म्हणाल्या, "येतो की, कार्तिकात रोज पहाटे काकड्याला!" मुकाट्यानं धडधड, धाप, घाम लिहिलं, मुळातही तेच होतं.

३. 'गेल्या महिन्यात' नको, 'आजपर्यंतच्या तीस दिवसांत' लिही — पाच जुलैला विचारशील तर कोणी जूनचं सांगतं, कोणी कालचं.

४. उत्तरांतल्या 'बरंच' आणि 'खूप' यांतला फरक फक्त आपल्याला दिसतो. रिकाम्यापासून काठोकाठपर्यंत पाच पेले काढून दे — ० ते ४ न समजावता समजतात.

५. अल्फा ०.७ च्या खाली गेला की आपण घाबरतो, ०.९५ च्या वर गेला तरी जरा घाबरावं — एका विहिरीचं पाणी वीस घागरींत भरलं म्हणून विहिरी वीस होत नाहीत.

६. आठवा प्रश्न, घटनेतलं महत्त्वाचं न आठवण्याचा, बाकीच्यांशी फटकून वागेल. लगेच काढू नकोस — इतर भाषांतही त्याची हीच खोड.

७. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच माणसांकडे जा — लवकर गेलीस तर मागचं उत्तर पाठ असतं, फार उशिरा गेलीस तर मनच बदललेलं असतं. किल्लारीकडे असशील तर दोन फेऱ्यांच्या मधे ३० सप्टेंबर येऊ देऊ नकोस. १९९३ च्या भूकंपाची ती पहाट तिथं दर वर्षी उजाडते.

८. पहिल्यांदा त्यांनी स्वतः वाचलं असेल तर दुसऱ्यांदा तू वाचून दाखवू नकोस — आणि शेजारी सासूबाई बसल्या असतील तर कागद पिशवीतच ठेव. माझ्या एका पूर्ण फेरीत गावातल्या सगळ्या सुनांना छान झोप लागत होती.

९. नुसत्या सहसंबंधावर भागवू नकोस, दोन फेऱ्यांचे आकडे तंतोतंत किती जुळतात ते मोजणारा आयसीसी काढ — दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे गुण सरसकट दहानं घसरले तरी सहसंबंध पूर्ण एक येतो.

१०. आजाराची शक्यता धरायची ८० पैकी ३१ ते ३३ ची रेघ जशीच्या तशी उचलू नकोस — ती अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरून आली आहे, आणि इथली रेघ मनोविकारतज्ज्ञानं समोर बसून घेतलेल्या मुलाखतींशी ताडूनच ठरेल.

११. कागद गोळा झाले की लगेच उठू नकोस, चहा घे — विसाव्या प्रश्नानंतरच माणूस खरं बोलायला लागतो. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दे; चष्मा बहुधा घरात राहिलेला असतो.